शॅकवरचा मुलगा, घरातली मुलगी : गोवा विधानसभेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व 40 सदस्य,
पर्वरी, गोवा.

सन्माननीय आमदारहो,

सप्रेम नमस्कार.

मी बार्देश तालुक्यातल्या एका शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांना मराठी शिकवते. वर्गशिक्षिका असल्याने हजेरीपट माझ्या ताब्यात असतो. बालमजुरीचा कायदा मुलाला एक माप लावतो आणि मुलीला दुसरं, हे मला कुठल्या व्याख्यानात कळलं नाही. हजेरीपटाच्या रकान्यांत ते दिसत गेलं.

ऑक्टोबरात किनाऱ्यावर शॅकचे, म्हणजे पर्यटकांसाठीच्या तात्पुरत्या खानावळींचे, बांबू उभे राहू लागले की वर्गातला एखादा मुलगा दिसेनासा होतो. त्याच्या नावापुढे गैरहजेरीची सलग रांग लागते. आठवडा जातो, पंधरवडा जातो, महिना जातो. मुलगी अशी नाहीशी होत नाही. ती सोमवारी येत नाही. गुरुवारी तिसऱ्या तासाला येते. शुक्रवारी वेळेवर येते आणि मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकून झोपते. सोमवारचं कारण एका मुलीच्या आईनेच मला सांगितलं. पर्यटकांना भाड्याने देतात त्या फ्लॅटांची साफसफाई ती करते. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की सोमवारी एकामागून एक फ्लॅट आवरायचे, चादरी बदलायच्या, संडास घासायचे. घरी दीड वर्षाचा मुलगा. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्यांसाठी, आणि तीही दुपारी सुटते. मग त्याला सांभाळणार कोण? सहावीतली बहीण.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. बालमजुरीच्या 1986 च्या कायद्यात 2016 मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि त्याखालचे नियम 2017 मध्ये बदलले. त्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. मूल काही न कळवता सलग 30 दिवस शाळेत आलं नाही, तर मुख्याध्यापकाने ते नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे हा कायदा राबवण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायचं. शॅकवर गेलेला मुलगा या नियमात सापडतो, निदान सापडू शकतो. सोमवारची मुलगी कधीच सापडत नाही. वर्षाअखेरीस तिचे बुडालेले दिवस त्या मुलाइतकेच भरले तरी ते सलग नसतात, म्हणून ते कुणालाच कळवायचे नसतात. नियम लिहिणाऱ्याच्या मनात मुलीबद्दल काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर कामाला जाणारं मूल म्हणून मुलगा होता, इतकंच. पण या ‘इतकंच’ पायी मुलींच्या पिढ्या हिशेबाबाहेर राहिल्या.

हिशेबाचंच बोलायचं तर 2011 च्या जनगणनेत देशात 5 ते 14 वयाची सुमारे 1 कोटी 1 लाख कामकरी मुलं मोजली गेली. त्यांत मुलगे 56 लाखांच्या आसपास आणि मुली 45 लाखांच्या. हा आकडा वाचून कुणालाही वाटेल की मुली त्या मानाने सुटल्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी 2021 मध्ये जगाचा अंदाज मांडला, त्यातही मुलगे 9 कोटी 70 लाख आणि मुली 6 कोटी 30 लाख होत्या. मात्र त्याच अहवालात आणखी एक मोजणी आहे. आठवड्याला 21 तास किंवा अधिक घरकाम करणारी मुलं धरली, तर 5 ते 14 वयोगटातली मुलगे-मुलींमधली ही तफावत जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे मुली काम करत होत्याच, आपण ते मोजत नव्हतो.

कायद्याच्या कलम 3 मध्ये कुटुंबाला सवलत आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्यांना, घरच्या धंद्यात हातभार लावला तर ती मजुरी नाही. ही सवलत मुळात वाईट आहे असं मला वाटत नाही. काजूच्या दिवसांत सत्तरीतली, डिचोलीतली पोरं आईबरोबर बोंडू वेचायला जातात. त्याला मी बालमजुरी कधीच म्हणणार नाही. त्या पोरांना जंगलाची, झाडांची जी ओळख असते ती माझ्या पुस्तकातून येणार नाही. नियमांनी या मदतीला मर्यादाही घातल्या आहेत : दिवसाला तीन तासांहून जास्त नाही, शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत नाही. वाचायला छान आहे. पण पहाटे उठून पाणी भरणारी, भाकऱ्या थापणारी, भावंडांना तयार करणारी मुलगी सकाळी 8 वाजेपर्यंत अर्धा दिवस राबून झालेली असते. तिचे तास कुणी मोजायचे? त्याच घरातला तिचा भाऊ वडिलांच्या गाड्यावर बसला तर निदान रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो.

याच कलमात ‘कुटुंब’ म्हणजे कोण हेही सांगितलं आहे. आईवडील आणि भाऊ-बहीण तर आहेतच, शिवाय वडिलांचे भाऊ-बहीण आणि आईचे भाऊ-बहीणही आहेत. काका, आत्या, मामा, मावशी. आपल्याकडच्या नात्यांचा मान राखणारी ही व्याख्या आहे, आणि तिच्याच आडून सर्वांत जास्त अन्याय चालतो. पर्वरी, पणजी, मडगावच्या इमारतींत बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी खाली कचरा टाकायला येते, वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालते, मालकिणीच्या बाळाला कडेवर घेऊन फिरवते. विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘आमची भाची. शिकायला आणलीय.’ कुठल्या शाळेत, हे पुढे कुणी विचारत नाही. शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं. गोव्यात हे नवं नाही. जुन्या सधन घरांत ‘पोसकीं’ मुलं वाढवण्याची रीत होती. खाणंपिणं घरचं, राहणं घरचं, आणि राबणंही घरच्यासारखंच, फक्त वाटणीत नाव नाही. ती रीत गेली असं आपण म्हणतो. मला ती फ्लॅटमध्ये राहायला आलेली दिसते.

10 ऑक्टोबर 2006 पासून 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला देशभर बंदी आली. त्याच दिवशी, त्याच अधिसूचनेने धाबे, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, रिसॉर्ट यांतही बंदी आली. दोन्ही ठिकाणं एकाच कागदावर होती. पण निरीक्षक हॉटेलात जातो, गॅरेजात जातो, दुकानात जातो. घराची बेल तो वाजवत नाही. सुटका झालेल्या मुलाच्या नावे पुनर्वसन निधीत सरकारने 15,000 रुपये जमा करायचे आणि मालकाकडून वसूल झालेला दंडही त्यातच भरायचा, असं 2016 नंतरचा कायदा सांगतो. जिची कधी सुटकाच होत नाही तिच्या नावे काय जमा होणार?

चौदा वर्षं पूर्ण झाली की मुलीची अडचण आणखी वाढते. 14 ते 18 वयाच्या मुलांच्या कामाचे तास कायद्याने ठरवले आहेत : विश्रांती धरून दिवसाला सहा तास, जादा काम नाही, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. पण हे सगळं ‘आस्थापनां’साठी. आणि आस्थापनेच्या व्याख्येत दुकान, वर्कशॉप, शेत, हॉटेल, खानावळ, करमणुकीची जागा यांची नावं घेतली आहेत. राहत्या घराचं नाव नाही. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा खानावळीत असला तर त्याचे तास निदान कागदावर बांधलेले आहेत. पंधरा वर्षांची मुलगी कुणाच्या घरी राहून काम करत असली तर तिच्या दिवसाला शेवटच नाही. रात्री बाळ रडलं तरी उठायचं तिनेच.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी फक्त मुलींची बाजू मांडते आहे. तसं नाही. मुलाच्या वाट्याला आलेलं माप वेगळ्या तऱ्हेने खोटं आहे. माझा एक जुना विद्यार्थी मला डिसेंबरात रात्री अकराच्या सुमारास एका शॅकच्या मागच्या बाजूला दिसला. आठवीनंतर शाळा सोडलेली, वय पंधरा. प्लास्टिकच्या दोन मोठ्या टबांत प्लेटा आणि ग्लास विसळत होता. मला बघून उठला, हात पँटला पुसले आणि नमस्कार केला. बोटांची टोकं साबणाच्या पाण्याने पांढरी पडून भेगाळली होती. दुपारी चारला कामाला लागतो, मग गिऱ्हाईक उठेपर्यंत, असं म्हणाला. झोपायचं तिथेच, टेबलं सरकवून. आजूबाजूला माणसं जेवत होती. त्या जागी पंधरा वर्षांची मुलगी असती तर कुणीतरी मालकाला जाब विचारला असता, कुणी पोलिसांना फोन केला असता, दुसऱ्या दिवशी बातमी आली असती. मुलगा होता, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू विकायची नाही, पण ती टेबलावर नेऊन ठेवायला तोच चालतो. पहाटे जेटीवर बर्फाच्या पेट्या ओढणाऱ्या पोरांचीही तीच गोष्ट. लोक म्हणतात, मुलगा आहे, चार पैसे कमावून घट्ट होईल.

ही समजूत आकाशातून पडलेली नाही, कायद्यातही ती होती. 1948 च्या कारखाने कायद्यात प्रौढ म्हणून काम करायला तंदुरुस्तीचा दाखला मिळालेल्या किशोरवयीन मुलीला सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत काम देता येत असे, ती अठराची होईपर्यंत. मुलाला मात्र हे संरक्षण सतराव्या वर्षापर्यंतच. सतरा संपली की त्याला रात्रपाळी खुली. एका वर्षात मुलाचं शरीर असं काय बदलतं? 1986 च्या बाल न्याय कायद्यातही मुलगी अठरापर्यंत अल्पवयीन आणि मुलगा फक्त सोळापर्यंत. सोळा वर्षांचा मुलगा चुकला तर मोठ्या माणसांच्या तुरुंगात. जुन्या भारतीय दंड संहितेत अपहरणाच्या कलमातही हेच सोळा आणि अठरा.

पण यातल्या दोन ठिकाणी आपण सुधारलो. बाल न्याय कायद्यात 2000 साली दोघांचं वय अठरा झालं. अपहरणाच्या कलमातला फरक भारतीय न्याय संहितेने काढला, ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे. मुलाला वर आणलं म्हणून मुलीचं काही कमी झालं नाही. मला समानता हवी आहे ती अशी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15(3) ने स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी विशेष तरतुदी करायला मोकळीक दिली आहे आणि ती राहायलाच हवी. मुलीला मिळालेलं संरक्षण काढून घेऊन दोघांना सारखं उघड्यावर टाकणं, याला मी कधीही संमती देणार नाही. मुलीला जे आहे ते मुलाला द्या, आणि मुलाचं काम जसं मोजता तसं मुलीचं मोजा.

आणि मुलगा सुरक्षितच असतो, असं म्हणण्याचा हक्क निदान गोव्याला तरी नाही. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली. अनाथ मुलांचा पालनकर्ता म्हणवणारा हा माणूस ज्यांचं लैंगिक शोषण करत होता ते मुलगे होते. 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. तेव्हा देशाचा बलात्काराचा कायदा फक्त स्त्रियांपुरता होता. 2003 मध्ये तुमच्याच सभागृहाने गोवा बाल कायदा केला आणि त्यात लैंगिक अत्याचाराच्या व्याख्या मूल म्हणून केल्या, मुलगा-मुलगी असा भेद न ठेवता. देशाने मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आणला तो 2012 मध्ये. म्हणजे या बाबतीत हे छोटं राज्य देशाच्या नऊ वर्षं पुढे होतं. शॅकवर टेबलं सरकवून झोपणारा मुलगा आठवला की मला हा कायदा आठवतो. ज्या सभागृहाने तो केला, त्याला बालमजुरीच्या बाबतीत पुन्हा पुढे जाणं अवघड का जावं?

मुलीने घरकाम शिकायला नको का, असं मला पालकसभेत विचारलं जातं. शिकावं की. मुलानेही शिकावं. पण शिकणं आणि घर चालवणं यांत फरक आहे, तो सहावीतल्या मुलीच्या डोळ्यांखाली दिसतो. आणि मी कुठल्याही आईला कोर्टात उभं करा म्हणत नाही. फ्लॅट आवरणाऱ्या त्या आईला दंड केला तर तिचा सोमवारचा पगार जाईल आणि मुलगी मंगळवारीही घरी राहील. तिला हवं आहे पाळणाघर, दीड वर्षाच्या बाळालाही घेणारं, संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत उघडं असणारं. किनारी भागातल्या अंगणवाड्यांना ते जोडून द्या. पर्यटन हा आपला मुख्य धंदा म्हणता, तर त्या धंद्यात राबणाऱ्या बायांच्या कामाच्या वेळा बघून अंगणवाडीच्या वेळा ठरवा.

बाकीचं तुम्ही कायद्याने करू शकता. गोवा बाल कायद्यात दुरुस्ती करा. 14 वर्षांखालच्या मुलासाठी काका-मामा-मावशी-आत्या यांच्या घरी राहून केलेलं काम कुटुंबाच्या सवलतीतून वगळा, आणि मूल खरोखरच शिकायला आणलं असेल तर शाळेचा दाखला दाखवायला सांगा. ज्याच्याकडे दाखला आहे त्याला कसला त्रास? आईवडिलांच्या घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी राहून काम करायला 18 वर्षांखालच्या कुणालाही बंदी करा. 30 दिवसांच्या नियमाला गोव्यात जोड द्या : महिन्यात ठरावीक टक्क्यांहून जास्त दिवस बुडाले, मग ते तुटक असोत, तरी शाळेने कळवलंच पाहिजे. हजेरी आम्ही भरतोच आहोत, आम्हाला फक्त ती बेरीज करून पाठवायची आहे. श्रम हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, असल्याने केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतुदीला राष्ट्रपतींची संमती लागते, हे मला ठाऊक आहे. ती मागा. जुन्या कारखाने कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितांखाली राज्याला आपले नियम करायचे आहेत. त्यांत सोळा-सतराचा मुलगा रात्रपाळीला पुन्हा मोकळा सुटणार नाही, हे सभागृहातल्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचून बघायला हवं.

तपासणीच्या वेळेबद्दलही बोलायला हवं. 12 जून हा जागतिक बालमजुरीविरोधी दिन. शपथा, फलक, मोहिमा त्या सुमारास होतात. गोव्यात 12 जूनला शॅक मोडलेले असतात आणि 1 जूनपासून मासेमारी बंदी लागल्याने ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात. ज्या दिवशी मूल कामावर नसतं त्या दिवशी आपण त्याला शोधायला निघतो. मोहीम डिसेंबरात काढा, संध्याकाळी 7 नंतर काढा, आणि निरीक्षकांबरोबर महिला व बालविकास खात्याच्या बायांनाही द्या, म्हणजे घराची बेलही वाजवता येईल.

यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी कुणाही एकाने तारांकित प्रश्न विचारावा : गेल्या पाच वर्षांत राज्यात बालमजुरीच्या किती तपासण्या झाल्या, त्यांतल्या किती संध्याकाळी 7 नंतर झाल्या आणि किती राहत्या घरांत, किती मुलांची सुटका झाली, त्यांत मुलगे किती, मुली किती, आणि त्यांतल्या किती जणांच्या नावे पुनर्वसन निधीत पैसे जमा झाले. मतदारसंघ कुठलाही असो, पक्ष कुठलाही असो. प्रश्न दाखल झाला की त्याच्या उत्तराची तारीख आम्ही शिक्षक-पालक लिहून ठेवू.

आपली,
बार्देशातील एक शिक्षिका